सूट नको, सोय हवी
नाडी आणि नोंदी : साप्ताहिक सदर

मार्च जवळ आला की तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांच्या गप्पांत पेशंट मागे पडतो आणि 'रिन्यूअल' पुढे येतं. खाटा असलेल्या प्रत्येक खासगी रुग्णालयाची महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली नोंदणी लागते आणि ती दर तीन वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. कायदा एक, अर्ज एक. पण त्याला जोडायचे दाखले दहा दारचे.

बारा खाटांचं एखादं प्रसूतिगृह घ्या. खाली ओपीडी, वर वॉर्ड, त्याच्यावर डॉक्टरांचं घर. सोनोग्राफीचं मशीन आहे म्हणून गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याची वेगळी नोंदणी, तपासलेल्या प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत. एक्स-रे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळ. कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ : सिस्टरनं सकाळी पिवळ्या-लाल पिशव्या बांधायच्या, बारकोड चिकटवायचा, वजन रजिस्टरात चढवायचं, गाडीवाल्याची सही घ्यायची, वर्षाचा हिशेब ३० जूनपर्यंत. आगीसाठी परवानाधारक एजन्सीचा बी फॉर्म, जानेवारीत एकदा आणि जुलैत एकदा. हे सगळं पाहायला वेगळा माणूस नाही. दुपारच्या ओपीडीनंतर डॉक्टरीणबाईच फाइल उघडून बसतात.

यातला कोणता नियम काढावा? माझ्या मते एकही नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बाळं आगीत गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला. दोन्ही सरकारी, पण आग सातबारा पाहून लागत नाही. एफ फॉर्म का आला, हे तर मुलींचं प्रमाण घसरताना पाहिलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको. म्हणूनच ५० खाटांपर्यंतच्या रुग्णालयांना केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्यातून वगळा, ही इंडियन मेडिकल असोसिएशनची मागणी मला पटत नाही. हरियाणानं तशी सूट दिली. महाराष्ट्रानं तो केंद्रीय कायदा स्वीकारलेलाच नाही. आपला गाडा अजून १९४९ च्याच कायद्यावर चालतो.

खरं दुखणं दाखले एकमेकांत अडकण्याचं आहे. नोंदणीसाठी अग्निशमनचा ना-हरकत दाखला मागतात. अग्निशमनवाले इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागतात. चाळीस वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या हद्दीत बांधलेल्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र कुणी घेतलंच नव्हतं. रुग्णालयाचा जिना दोन मीटर रुंद हवा, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. जुन्या घराचा जिना पाडून रुंद करायचा, तर शेजारची भिंत जाते. मग डॉक्टर हेलपाटे मारतात, 'साहेब मीटिंगला गेलेत' ऐकतात आणि शेवटी 'मॅनेज करून देतो' म्हणणारा एजंट गाठतात. कागद पूर्ण होतो, आग विझवायची तयारी मात्र होती तेवढीच राहते.

साखळी रुग्णालयांना याचा चटका बसत नाही. तिथे या कामाला अख्खं खातं असतं आणि त्याचा खर्च पाचशे खाटांवर वाटला जातो. बारा खाटांवर तो वाटला की एकतर बिल फुगतं, नाहीतर 'आता फक्त ओपीडी' अशी पाटी लागते. ती पाटी लागली की रात्री कळा सुरू झालेल्या बाईला जिल्ह्याचा रस्ता धरावा लागतो. गंमत अशी की निव्वळ ओपीडीच्या दवाखान्याला शुश्रूषागृह कायदा लागूच होत नाही. म्हणजे खाटा ठेवून बाळंतपणं करणारी डॉक्टर दहा खात्यांच्या वहीत, आणि गल्लीत सलाइन लावणारा बोगस डॉक्टर तक्रार होईपर्यंत कुणाच्याच वहीत नाही.

आकारानुसार नियमांच्या पायऱ्या ठेवता येतात, हे काही नवं नाही. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचनं ५० खाटांपर्यंतच्या रुग्णालयांसाठी वेगळे निकष केव्हाच केलेत. सरकारलाही एक खिडकी ठाऊक आहे. कारखानदारांसाठी 'मैत्री' आहे. मग रुग्णालयानं काय घोडं मारलंय? सगळ्या दाखल्यांची मुदत एकाच तारखेला संपू द्या. तपासणीला चार खात्यांनी चार दिवशी येण्याऐवजी एकाच दिवशी या. जुन्या इमारतींसाठी जिन्याला पर्याय काय चालेल, बाहेरून लोखंडी जिना, धूरसूचक, ऑक्सिजनच्या पाइपला वेगळी बंद-झडप, हे लेखी सांगा आणि त्यासाठी कमी व्याजाचं कर्ज द्या. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. त्यातली मुदत एकेका दाखल्याला न लावता दाखल्यांच्या अख्ख्या साखळीला लावा.

डॉक्टरांनाही दोन शब्द. शुश्रूषागृह कायद्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलंय. त्याला ना एजंट लागतो ना भोगवटा प्रमाणपत्र. एक फ्लेक्स आणि चार खिळे पुरतात. तरीही कितीतरी ठिकाणी ती भिंत कोरी असते, किंवा दरपत्रकावर कॅलेंडर टांगलेलं असतं. सरकारकडे सोय मागायची, तर आपल्या हातातलं आधी करून दाखवलेलं बरं. नाहीतर उद्या खिडकी एक झाली, तरी पेशंटचा विश्वास बसणार नाही, आणि छोट्या दवाखान्याचं भांडवल तेवढंच तर असतं.

– पथ्यकर