थडग्यांवर फिरणारे यंत्र

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगडाच्या पायथ्याशी गावकऱ्यांच्या झुंडी रात्रीच्या शेतात उतरल्या. हातात बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर. फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला होता, त्यात बऱ्हाणपूरचा मुघल खजिना दिसला होता. महामार्गाच्या कामातली माती शेतात येऊन पडली आणि तीत सोन्याची नाणी निघाल्याची आवई उठली. पोलीस येईपर्यंत शेताची चाळण झाली होती. मराठ्यांनी १६८१ साली बऱ्हाणपूर लुटले हे खरे. पण लूट झाली म्हणजे धन गेले. ते साडेतीनशे वर्षे शेतात कुणासाठी थांबले, हा प्रश्न त्या गर्दीत कुणाला पडला नाही.

हा प्रकार मध्य प्रदेशातला म्हणून आपण हसून सोडून दिला. तो आपल्या दारात यायला किती वेळ लागेल, याचा विचार मात्र नंदुरबार जिल्ह्यात कुणी केलेला दिसत नाही. आम्हाला तो धोका अगदी जवळचा वाटतो, आणि त्याची पहिली झळ शेतांना नव्हे, जुन्या दफनभूमींना बसेल अशी आमची धास्ती आहे.

कारण नंदुरबार हे त्याच वाटेवरचे गाव. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी मार्ग येथून जात असे. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार येथे होती. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० साली सुरतेहून आग्र्याला निघाला, तेव्हा त्याने नंदुरबारबद्दल लिहून ठेवले की गावाच्या अलीकडे पुष्कळ थडगी आणि विलासगृहे आहेत, एक किल्ला आहे आणि सुंदर तळे आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी परक्या माणसाच्या डोळ्यांत आधी भरली ती आपली थडगी. त्यांतली कुणाची कबर आज कुठल्या वस्तीच्या परसात आहे, कुणाची रस्त्याखाली गेली, कुणाची बाभळीच्या झुडपात निनावी पडून आहे, याची यादी जिल्ह्याच्या दप्तरात असायला हवी होती. आवई उठायला मात्र एवढी ओळख पुरेशी असते: जुना रस्ता, जुनी कबर, मुघल काळ.

दफनभूमी म्हटले की कुंपण, फाटक आणि फलक डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे तसे ठिकाण अपवादाने. नवापूर, चिंचपाड्याकडची ख्रिस्ती दफनभूमी, शहरांतली कबरस्ताने, गोसावी-लिंगायतांच्या समाध्या यांना निदान जागा तरी नेमून दिलेली आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोद्याच्या पाड्यांवर पुरण्याची जागा म्हणजे नाल्यापलीकडची उतरण, महूचे झाड, रचलेले चार दगड. गावाला ठाऊक असते तिथे कोण आहे. सातबाऱ्याला ठाऊक नसते. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावे गेली, तेव्हा घरांचा आणि झाडांचा हिशेब झाला. पूर्वज मागे पाण्याखाली राहिले. उकाईच्या फुगवट्यातही तेच झाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळातून जुनी ठिकाणे उघडी पडतात, आणि तिथे राखणीला गाव उरलेले नसते.

मेटल डिटेक्टर या यंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्याच्याभोवतीही आता जुन्या मंत्रासारखे वलय तयार झाले आहे. त्याच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून विद्युतचुंबकीय लहरी जमिनीत जातात. खाली धातू असला तर त्यात प्रवाह निर्माण होतो, यंत्राला तो कळतो आणि ते वाजते. हौशी माणसाच्या हातातले साधे यंत्र एखादे नाणे वीतभर, फार तर फूटभर खोलीवर पकडते. सोने की खिळा, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. त्यात आपला प्रदेश बेसाल्टचा. या काळ्या दगडात लोहाचा अंश इतका की यंत्र दगडावरसुद्धा ओरडते. म्हणजे खानदेशात असे यंत्र घेऊन फिरणारा माणूस दहा जागी खोदणार आणि बहुतेक ठिकाणी त्याला दगड, बाटलीचे झाकण नाहीतर बैलाच्या नालेचा तुकडा मिळणार. पण खड्डे दहाही पडतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहितो आहोत तो मुद्दा. मुसलमानाच्या कबरीत कफनाखेरीज काही ठेवायचे नसते, तसा धर्माचा दंडकच आहे. ख्रिस्ती कबरीवर यंत्र वाजले तर शवपेटीच्या खिळ्यांवर वाजेल. समाधिस्थ गोसाव्याच्या अंगावर रुद्राक्ष आणि भस्म. बादशाही खजिना शोधायला निघालेल्याच्या हाती यांतले काहीच लागणार नाही. मृताच्या सोबत एखादे नाणे, वापरातली वस्तू, अंगावरचे चांदीचे कडे राहू देण्याची चाल आहे ती सातपुड्यातल्या आदिवासींत, ठिकठिकाणी. याचा अर्थ हे यंत्र खरोखर वाजेल ते जिल्ह्यातल्या सर्वांत गरीब माणसाच्या थडग्यावर. जिच्या घरात दुसरे काही नव्हते, त्या बाईच्या मनगटातले कडे घरच्यांनी काढून घेतले नाही. ते विकून घरात धान्य आले असते, तरी नाही काढले. आणि शहरात जुन्या आदिवासी चांदीला भाव आहे, म्हणून परगावचा कुणी ते उपसून नेणार. याला छंद म्हणणाऱ्यांशी आम्हाला वाद घालायचा नाही. ही मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाण्याची गोष्ट आहे.

आजवर या जागा राखल्या त्या कायद्याने नव्हे, भीतीने. मसणवट्यात रात्री जाऊ नये, दगड हलवू नये, खत्रीचा, म्हणजे पूर्वजाचा, कोप होतो, धनावर नाग बसलेला असतो. या भयाची आम्हाला मुळीच ओढ नाही. गुप्तधनाच्या नादाने महाराष्ट्रात काय घडले ते आपण पाहिले आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून धन पाहणाऱ्या मांत्रिकांपासून १९७२ ते १९७४ मधल्या मानवतच्या हत्याकांडापर्यंत ती वाट गेली, आणि त्यात लहान मुली मारल्या गेल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पण यंत्र आल्यावर मांत्रिकाची गरज संपली. कोंबडे कापावे लागत नाही, लिंबू लागत नाही, भीती वाटत नाही. ऑनलाइन मागवलेला डबा घरपोच येतो. अंधश्रद्धा गेली याचा आनंद मानावा, तर तिच्यासोबत तिने नकळत धरून ठेवलेली अदबही निघून चालली आहे, आणि तिच्या जागी दुसरे काही आणून ठेवायचे आपल्याला सुचलेले नाही.

नुकसान केवळ भावनांचे असते तरी पुरे होते. ते ज्ञानाचेही आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे हे आपले दक्षिण काशी. तिथल्या पांढरीचे उत्खनन बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये केले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर एकावर एक उलगडून दाखवले. गिरणाकाठी बहाळसमोर टेकवाडे येथे त्याच काळातली दफने मिळाली. नेवाश्याला एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत दोऱ्याचे अवशेष टिकून होते. त्यावरून त्या काळच्या सुताविषयी अभ्यासकांना बोलता आले. यंत्र घेऊन आलेल्याने ती माळ उपसली असती, तर तांबे चिंचेने घासून लखलखीत केले असते, दोरा पाण्यात गेला असता आणि त्या बालकाची हाडे मातीच्या ढिगाऱ्यावर पडली असती.

दायमाबादचे उदाहरण तर प्रत्येक शाळेत सांगावे. प्रवरेच्या काठी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना कांस्याच्या चार मूर्ती मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा, म्हैस. मिळून साठ किलोंहून अधिक वजन. भारतीय पुरातत्त्वातले हे एक मोठे घबाड. तरीही त्यांचा काळ कोणता, यावर विद्वानांत वाद झाला आणि तो पुरता मिटलेला नाही, कारण या मूर्ती शास्त्रशुद्ध उत्खननात, आपल्या थरात निघालेल्या नव्हत्या. शेतकऱ्याचा त्यात काडीचा दोष नाही. त्याच्या हातून अनवधानाने झाले ते यंत्रवाला जाणूनबुजून करतो. पंचनाम्याआधी घटनास्थळ धुऊन टाकण्याचा हा उद्योग आहे.

कायदा काय म्हणतो? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दडवली तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते आणि वाटाही जातो. उलट रीतसर कळवले आणि कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर वेगळा करार नसताना तीन-चतुर्थांश शोधणाऱ्याचा आणि एक-चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ती वस्तू हवी असेल, तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जास्त देऊन ती घेता येते. ही तरतूद गावात कुणी सांगत नाही, म्हणून शेतकरी घाबरून सराफाकडे जातो आणि नाणे मुशीत वितळते. पुरावस्तू कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही, देशाबाहेर तर नेताच येत नाही. दफनभूमीत घुसखोरी आणि मृतदेहाची विटंबना यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०१ आहे, त्यात एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण त्यासाठी कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. ‘मला वाटले पडीक जागा आहे’ एवढे म्हणणाऱ्याला वाट मोकळी. १९५८ चा पुरातत्त्व कायदा अधिसूचित स्मारकांना संरक्षण देतो. पाड्यावरच्या चार दगडांना अधिसूचित कोण करणार? जिथे राखण हवी तिथेच कायद्याला भोक आहे.

इतर देशांनी या यंत्राकडे डोळेझाक केलेली नाही. आयर्लंडमध्ये १९८७ पासून पुरावस्तू शोधण्यासाठी ते विनापरवाना वापरणे गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये हा छंद कायदेशीर आहे, जमीनमालकाची संमती आणि सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची नोंद या अटींवर. २०१५ मध्ये हेरफोर्डशायरला दोघांनी व्हायकिंग काळातला ठेवा काढून नोंद न करता विकायला घेतला. २०१९ मध्ये त्यांना अनुक्रमे दहा आणि साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे एवढी कठोर शिक्षा व्हावी असा आमचा आग्रह नाही, निदान प्रश्न विचारणारे तरी कुणी असावे.

सरसकट यंत्रबंदीही आम्ही मागत नाही. शेतात हरवलेले मंगळसूत्र शोधणारा, बॉम्बशोधक पथक, परवानगी घेऊन काम करणारा पुरातत्त्वाचा विद्यार्थी, यांना ते लागते. रेघ ओढायची ती जागेवर: जिथे माणूस पुरलेला आहे तिथे यंत्र न्यायचे नाही. कबर जुनी असो वा नवी, ओळखीची असो वा बेवारस, जमीन स्वतःची असली तरीही. बेवारस कबरीला वारस नाही म्हणून ती कुणाचीही होत नाही. उलट तिची जबाबदारी सगळ्या गावावर येते.

हे करायला विधानसभेची वाट पाहावी लागत नाही. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण, तर नंदुरबार आणि शहाद्याचा काही भाग पाचव्या अनुसूचीत येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. प्रत्येक ग्रामसभेने पुढच्या बैठकीत दोन ठराव करावेत. आपल्या हद्दीतल्या पुरण्याच्या सगळ्या जागा, बुडितात गेलेल्यांसह, नावानिशी नोंदवाव्यात. आणि त्या जागांत धातुशोधक यंत्र व खोदकामाला मनाई करावी. असा ठराव पोलीस ठाण्यात दिलेला असला की ‘पडीक जागा वाटली’ ही सबब चालणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी या ठरावांच्या आधारे जिल्ह्यापुरता मनाई आदेश काढावा, आणि पोलीस पाटील व तलाठ्यांना निखात निधी कायदा एका पानात समजावून द्यावा. राज्य पुरातत्त्व खात्याच्या नाशिक कार्यालयाने फिंचने पाहिलेल्या थडग्यांपासून सुरुवात करून जिल्ह्याची पाहणी करावी. प्रकाशे उत्खननाला सत्तर वर्षे झाली, एवढा अवकाश पुरेसा आहे.

शेतात नांगराला काही लागले तर ते घासू नका, धुऊ नका, जागेवरची माती उपसू नका. फोटो काढा, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या. तुमचा हक्क त्या पोचेवर टिकतो. आणि रात्री गावाच्या मसणवट्यात बॅटरीचा उजेड हलताना दिसला, तर भूत समजून दार लावून घेऊ नका. ११२ वर फोन करा.