सुट्टीचा प्रवास पूर्ववत झालेला नाही

करोना ओसरताच सुट्टीतला प्रवास पूर्ववत झाला, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत गर्दीपुरते खरे आहे. सवयींबाबत ते टिकत नाही. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा मार्च 2020 पासून मार्च 2022 पर्यंत बंद होती. परदेशाचे बेत बारगळले आणि स्वतःच्या गाडीने जवळपास जाण्याकडे ओढा वाढला. राज्यातली हॉटेले जुलै 2020 मध्ये उघडली तीही 33 टक्के क्षमतेने. साहजिकच अनेक कुटुंबे अख्खा बंगला भाड्याने घेऊ लागली.

सर्वांत बोलके उदाहरण कोकणातल्या गणपतीचे. 2020 मध्ये चाकरमान्यांना 10 दिवसांचे विलगीकरण होते. चतुर्थी 22 ऑगस्टला, म्हणून 12 तारखेपर्यंत गाव गाठणे भाग होते. नेहमीची पाच-सात दिवसांची रजा पुरणार कशी? ज्यांचे काम लॅपटॉपवर चाले, ते ओटीवर, जिथे रेंज मिळेल त्या कोपऱ्यात बसून कचेरी सांभाळू लागले. गावचा मुक्काम रजेच्या दिवसांवर अवलंबून राहिला नाही, हा खरा बदल. मात्र कारखान्यात, दुकानात राबणाऱ्यांना ही मुभा नव्हती आणि आजही नाही. पत्रलेखकाने या विषमतेची दखल घ्यायलाच हवी होती.