भरवसा एकतर्फी नसतो

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा विषय निघाला की शेवटी एक सुस्कारा ठरलेला असतो. एवढी सातासमुद्रापलीकडे गेली, डॉक्टर झाली, आणि परत येऊन काय झाले? ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाला पदवी, त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परत, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने मृत्यू. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘नशिबापुढे कुणाचे चालते?’ म्हणून विषय मिटतो. आमच्या गावात तर मुलींना बारावीनंतर घरी बसविण्यासाठीही हा दाखला दिला जातो. मी तो ऐकलेला आहे, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली.

मला हा सुस्कारा मान्य नाही.

एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून आगबोटीत बसली तेव्हा ती १८ वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने लहान. वयाच्या १४व्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले होते. बाईला बाईच डॉक्टर हवी, हे तिला पुस्तक वाचून कळलेले नव्हते. निघण्यापूर्वी श्रीरामपूरला तिने जाहीर सभेत सांगितले की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन. हे बोलणे सोपे नव्हते. तिच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी १८७८ मध्ये वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते; त्याने उत्तरात धर्मांतराचा मार्ग सुचविला होता. इकडे समुद्र ओलांडला म्हणून धर्म बुडाला असे म्हणणारे बसलेलेच! दोन्हीकडून ओढाताण चाललेली असताना, ‘मी आहे तशीच परत येईन,’ असे म्हणायला केवढी श्रद्धा लागत असेल!

पण नुसत्या श्रद्धेवर ती परत आली असे म्हणणे मला अर्धे खरे वाटते. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी ते छापून आलेले पत्र वाचले, आणि धर्म न बदलताच तिला स्वतःच्या घरात ठेवून घेतले. पुढे ती अमेरिकेत असतानाच कोल्हापूर दरबारने तिची अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्रियांच्या विभागावर नेमणूक केली. (आज ज्याला आपण सी.पी.आर. म्हणतो तेच हे हॉस्पिटल. केसपेपरच्या रांगेत उभ्या असणाऱ्या किती जणींना हे ठाऊक असेल?) म्हणजे ती भविष्यावर भरवसा ठेवून होती, तसे भविष्यानेही तिच्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली होती. त्या खुर्चीवर बसायला आयुष्य पुरले नाही, ही गोष्ट वेगळी. तिच्याच पिढीतल्या रखमाबाई विलायतेहून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे वर्षानुवर्षे काम केले. त्यांचा दाखला मात्र आमच्या गावात कुणी देत नाही!

माझी आजी म्हणते, “अंबाबाई हाय की. तिच्यावर हवाला ठेव, समदं बरं हुतंय.” मी आजीला हसत नाही. कारण हवाला ठेवणारी हीच आजी दुधाच्या पैशातून माझ्या एस.टी.च्या पासाची रक्कम दर महिन्याला डब्यात बाजूला टाकते. तिची श्रद्धा हात बांधून बसलेली नाही. मला राग येतो तो कोरड्या आशीर्वादाचा. माझी एक आतेबहीण पुण्याला नर्सिंग शिकून गावी परत आली. सत्कार झाला, नारळ-शाल झाली, भाषणे झाली. त्यानंतर दोन वर्षे ती घरीच आहे. भेटेल तो तिला म्हणतो, ‘धीर धर, देवावर विश्वास ठेव.’ तिने तो ठेवलेलाच आहे. तिच्यावर कुणी ठेवला?

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातलेही काही उद्या पुण्या-मुंबईला, एखादा परदेशीही जाईल. त्यांना निरोप देताना आपण ‘परत ये’ म्हणतो. कशाला ये, ते सांगत नाही. म्हणून प्राध्यापकांना माझी एक सूचना आहे. यंदाच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा शोधताना बाहेर स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्याऐवजी, बाहेर शिकून तालुक्यात परतलेल्या दोघाचौघांना बोलवावे. भाषण नको. परत आल्यावर पहिले काम कुणी दिले, आणि ते मिळेपर्यंत घर कसे चालले, एवढेच त्यांना आम्ही विचारू.