रविवार कुणी दिला?

काय दोस्तांनो, रविवारी किती वाजता उठता? खरं सांगा हं!

आमच्या मुलुंडचा रविवार म्हणजे मजा असते. संभाजी उद्यानातली बाकं आजी-आजोबांनी भरलेली, फरसाणवाल्याकडे फाफडा-जिलेबीसाठी रांग, कालिदास नाट्यमंदिराबाहेर तिकिटासाठी घुटमळणारी माणसं आणि प्रत्येक गल्लीत क्रिकेट. अशाच एका रविवारी आमच्या इमारतीतला सातवीतला एक मुलगा मला म्हणाला, "काका, ही रविवारची सुट्टी शोधून कुणी काढली? इंग्रजांनीच ना?"

अर्धं उत्तर बरोबर आहे. साहेब लोक रविवारी चर्चला जात, म्हणून सरकारी कचेऱ्या बंद असत. पण कचेरी बंद म्हणून गिरणी बंद, असं नव्हतं बरं का! मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला तो १० जून १८९० रोजी. आणि तो कुणी आपणहून दिला नाही. सहा वर्षं मागावा लागला.

ही गोष्ट गाव सोडण्यापासून सुरू होते. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली. १८५६ मध्ये तिचं काम सुरू झालं. पाठोपाठ गिरण्या वाढल्या आणि त्या चालवायला माणसं हवी होती. रत्नागिरीकडची माणसं गलबतांतून, पुढे आगबोटीतून आली. घाटावरची, म्हणजे पुणे-साताऱ्याकडची, काही चालत तर काही रेल्वेने. शेतीचा तुकडा लहान, खाणारी तोंडं जास्त, सावकाराचं कर्ज डोक्यावर. हौसेने कोण घर सोडतो?

गावात तरी काय सुख होतं, असं तुम्ही म्हणाल. कष्ट होतेच. पण गावच्या कामाला थांबे होते. अमावास्येला बैलांना विश्रांती, पोळ्याला पुरणपोळी, जत्रेला दोन दिवस काम बंद. गिरणीच्या यंत्राला ना अमावास्या कळते ना पोळा. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे दिवस उगवला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की तुम्हाला खेळायला जास्त वेळ मिळतो. त्यांना मात्र तेरा-चौदा तास उभं राहावं लागे. वर्षातून मोजके सण सोडले, तर ठरलेली सुट्टी नाही.

आणि मुलं? १८८१ साली सरकारने कारखान्यांसाठी पहिला कायदा केला. त्यात म्हटलं होतं की सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. हे वाक्य परत एकदा वाचा. सात वर्षांचं मूल म्हणजे आपल्या दुसरीतलं! त्याने नऊ तास काम करणं कायदेशीर होतं. त्या मुलांना महिन्याला चार सुट्ट्या तरी कायद्याने दिल्या. मोठ्यांना तेवढ्याही नाहीत.

आता आपण पुढच्या स्टेशनावर जाऊ. मुलुंडनंतर कोणतं? ठाणे! तिथे १८४८ साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. त्यांचं घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, म्हणजे तेही पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेलं. नारायणरावांनी आधी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मांडवीच्या एका गिरणीत कोठार सांभाळलं. तिथे त्यांनी कामगारांचे हाल रोज पाहिले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून 'दीनबंधु' हे वर्तमानपत्र ते मुंबईतून चालवू लागले.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांची सभा भरवली. तिथे मागण्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहाच्या आधी काम सुरू करू नये. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा. अर्ध्या तासासाठी अर्ज! शाळेची मधली सुट्टी साधारण तेवढीच असते, नाही का? या अर्जाखाली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आणि अंगठे होते.

लोखंड्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' काढली तीही याच वेळी. गंमत म्हणजे तिला ना वर्गणी होती, ना नियमांचं पुस्तक. तरी माणसं जमत. का जमत, हा मला नेहमी पडणारा प्रश्न आहे. मला वाटतं, गाव सोडण्यातच त्याचं उत्तर आहे. गावात सावकारापुढे माणूस एकटा उभा राही. शेजारच्याचं दुखणं वेगळं, त्याची जात वेगळी, पाणवठा वेगळा. मुंबईत आल्यावर जात काही चाळीच्या दाराबाहेर राहिली नाही, ती आत आलीच. पण सकाळचा भोंगा सगळ्यांना एकच होता आणि पगार सगळ्यांचाच रखडत होता. रत्नागिरीकर आणि सातारकर एका मैदानात येऊन बसले ते त्यामुळे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. १८९० साली, दहा हजारांसमोर, गिरणीत काम करणाऱ्या बायका बोलल्या! शाळेच्या स्नेहसंमेलनात माइकसमोर तुमचे पाय लटपटतात ना? मग विचार करा. दीड महिन्यात गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे घाटावरच्या मंडळींना तो जास्तच मानवला असणार. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, आठवड्याची सुट्टी कायद्यात आली.

इकडे हे चाललं होतं तेव्हा अमेरिकेतल्या शिकागोचे कामगार 'आठ तासच काम' म्हणून १८८६ च्या १ मेपासून संपावर गेले होते. त्यांच्यातही जर्मनीसारख्या देशांतून पोटासाठी आलेले पुष्कळ जण होते. आपल्याला १ मेला सुट्टी मिळते ती महाराष्ट्र दिनाची, पण कामगार दिनाचा १ मे त्या शिकागोचा.

लोखंडे १८९७ साली प्लेगने गेले. साथीतल्या रोग्यांसाठी काम करताना त्यांना प्लेग झाला.

प्रत्येक लढा असा यशस्वी होतो असं मात्र समजू नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. हजारो जण गावी परतले आणि तिथे शेतावर राबून दिवस काढू लागले. गाव पाठीशी होतं म्हणून संप इतका लांबला. पण मागण्या पदरात पडल्या नाहीत, गिरण्या एकेक करून बंद झाल्या. परळ-लालबागची पुष्कळ कुटुंबं मग भांडुप, मुलुंड, डोंबिवलीकडे आली. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा गिरणीत होते का? असतील तर त्यांना नक्की विचारा. थोडे गप्प होतील, पण मग सांगतील.

त्या मुलाला हे सगळं सांगितलं, तर तो काय म्हणाला माहीत आहे? "मग आपल्या मावशींना रविवार कधी असतो?" मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांची आई जालन्याकडून मुंबईला आली होती. मी जरा चाचरलो. त्यांना ठरलेली सुट्टी नव्हतीच. आजारी पडल्या तरच खाडा, आणि खाड्यावरून आमच्या घरात कुरकुर! कामगारांच्या गोष्टी सांगणारे काका हे असे. पुण्यात मोलकरणींनी पगारवाढ आणि सुट्ट्यांसाठी १९८० सालीच संप केला होता. घरकामगारांसाठी कल्याण मंडळ नेमणारा महाराष्ट्राचा कायदा २००८ चा आहे. मला दोन्ही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सौ.ने आणि मी मावशींना सांगितलं, "आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्या. पगार कापणार नाही. रविवार चालेल?"

त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "रविवार नको बाई. रविवारी सगळे घरात, माझं घरचं काम दुप्पट. गुरुवार द्या. पोरं शाळेत, हे कामावर. दार लावून झोपते की मी!"