मदतीचे मुद्दल आणि स्वातंत्र्याचे मोल

प्रशांत महासागरातील सुमारे ११ हजार वस्तीचे तुवालू १९७८ साली स्वतंत्र झाले, तरी त्याचा दैनंदिन कारभार ब्रिटनच्या वार्षिक अनुदानावरच चाले. दरवर्षी हात पसरण्याची ही पाळी टळावी म्हणून १९८७ मध्ये मुख्यतः ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या देणग्यांतून सुमारे २ कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा कायम निधी उभारण्यात आला. महागाईने मुद्दलाचे मोल घटू द्यायचे नाही, त्यावरील उत्पन्न तेवढे सरकारने वापरायचे, हा त्याचा दंडक. त्याच महासागरातील नाऊरूने फॉस्फेटची स्वतःची संपत्ती उधळली. तुवालूने परक्याचे दान जपले.

या निधीने अंदाजपत्रक सावरले, उद्योग उभे केले नाहीत. २६ चौरस किलोमीटर भूमीकडून ती अपेक्षाही अन्यायाची ठरेल. आता ही भूमीच समुद्र गिळू पाहत आहे. २०२३ च्या करारान्वये ऑस्ट्रेलियाने दरवर्षी २८० तुवालूवासीयांना आपल्या देशात वास्तव्याचा मार्ग खुला केला. मात्र इतर राष्ट्रांशी संरक्षणविषयक करार करताना तुवालूला ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागेल.

पहिल्या मदतीने स्वातंत्र्याला आधार दिला. दुसरीसाठी त्याचाच काही अंश गहाण पडला. मदत किती मिळाली, यापेक्षा ती कोणत्या अटींवर मिळाली, हे म्हणूनच अधिक महत्त्वाचे.