भाऊंच्या नावाने एक स्कॉलरशिप

शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ ला गेले. गजानन महाराज संस्थानने १९८३ साली शेगावात हे कॉलेज काढलं, त्यामागे भाऊ होते. दर ४ ऑगस्टला आपण काय करतो? मोबाईलवर स्टेटस ठेवतो, झालं!

माझं म्हणणं आहे की त्यांच्या नावाने आपण विद्यार्थ्यांनीच एक स्कॉलरशिप सुरू करावी. आणि ती आपल्यापैकी कोणालाही मिळू नये. मिळावी ती शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागातल्या हायस्कूलच्या मुलामुलींना.

आपल्याला का नको? कारण आपण एकदाचे गेटच्या आत आलोय. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची ट्यूशन फी माफ आहे. पण ही सगळी दारं अ‍ॅडमिशन झाल्यावर उघडतात. शाळेतल्या मुलांसाठी एनएमएमएस आहे, आठवीत परीक्षा आणि नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चांगली योजना, पण कोटा ठरलेला. थोडक्यात हुकलं की हुकलंच.

मी कॉन्व्हेंटची. दहावीनंतर सायन्स, क्लास, सीईटीचा फॉर्म, नॉन-क्रिमीलेयर, सगळं पप्पांनी बघितलं. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं. माझी रूममेट जिल्हा परिषदेच्या शाळेतली. तिच्या वर्गात पहिली यायची ती दुसरीच मुलगी, ही नाही! त्या मुलीने गावातच आर्ट्स घेतलं, कारण सायन्ससाठी तालुक्याला रोज जा-ये, वर पुस्तकं, वर क्लास. आता तिचं लग्न ठरलंय. रूममेट हे अगदी सहज सांगते, मला मात्र ऐकवत नाही.

दहावीच्या टप्प्यावर दिलेली मदत किती लांब जाते बघा. जगन्नाथ शंकरशेट १८६५ साली वारले. त्यांच्या नावाची संस्कृतची स्कॉलरशिप मॅट्रिकच्या मुलांना मिळायची. १९१२ साली ती कोकणातल्या एका मुलाने मिळवली, चिंतामण देशमुख. तेच पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ती स्कॉलरशिप मिळाली नाना गेल्यावर ४७ वर्षांनी!

पैशाचं गणित आपल्याला जमायला हरकत नाही, एम-थ्री सोडवतो आपण. हजार जणांनी वर्षाला शंभर रुपये दिले तर एक लाख होतात. अर्धे बँकेत ठेवायचे, अर्ध्यात पाच मुलांना दहा-दहा हजार. एका ट्रीटला आपण शंभराच्या वरच उडवतो. स्टाफने किती द्यावेत ते मी कशाला सांगू, सर-मॅडम समजदार आहेत! निवड मार्कांवर नको, शाळेच्या शिक्षकांना विचारून करावी. आणि पैशाबरोबर आपल्यातला एक सीनियर त्या मुलाला बांधून द्यावा, फॉर्म आणि दाखल्यांसाठी. माझ्या मते पैशापेक्षा ह्याचीच गरज जास्त आहे.

कोणी म्हणेल, भाऊंना नावाचा सोस नव्हता, संस्थानचं पाणीसुद्धा ते पीत नसत असं सांगतात, मग नाव कशाला? मला वाटतं नाव हवंच. नववीतलं पोर विचारेल ना, हे भाऊ कोण? तेवढ्यासाठी.

गॅदरिंगच्या तिन्ही दिवशी मी आणि रूममेट ऑडिटोरियमच्या दाराशी डबा आणि वही घेऊन बसणार आहोत. पहिली शाळा तिचीच धरली आहे, हेडसरांशी ती बोलली आहे. येताना सुट्टे आणा.