कबुतरांना दाणे नकोत, मग पक्ष्यांना द्यायचं तरी काय?

जुलै २०२५मध्ये राज्य सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितले आणि दादरमध्ये वाद पेटला. मुंबईची हद्द ओलांडून मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये आलात, तरी प्रश्न तोच: बाल्कनीत दाणे टाकायचे का?

आयतं धान्य मिळालं की कबुतरांची संख्या वाढते. त्यांच्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली, तर फुप्फुसांना सूज येऊ शकते. हा झाला माणसाचा त्रास. पण पक्ष्यांचं तरी भलं होतं का?

चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या-किडे भरवते. म्हणजे मूठभर तांदळापेक्षा कीटकनाशक न मारलेली कुंडी तिच्या जास्त कामाची. हिवाळ्यात येणाऱ्या सीगलना बोटीवरून गाठिया टाकले जातात. त्यातून पोटात जातं तेल आणि मीठ. त्यांचं खरं खाणं मासे.

पाळीव पक्ष्यांचं गणित वेगळं. बजरीगर फक्त बियांवर ठेवला, तर चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. म्हणून पेलेट्स, किसलेलं गाजर, कोथिंबीरही द्या. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी, ते कधीच नको. आणि आपला देशी पोपट? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पिंजऱ्यात ठेवणंच गुन्हा आहे.

थोडक्यात, पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं ताट तुमच्या हातात आहे. बाहेरच्या पक्ष्यासाठी पाण्याचं उथळ भांडं ठेवा, मात्र ते रोज धुवा.